कंट्रोलर जुना, यजमान वेगळा

दोन उदाहरणे शेजारी ठेवली की घरगुती ॲडाप्टरचा प्रश्न नेमका कुठे अडतो ते दिसते. निन्टेन्डोचे एनईएस हे गेमयंत्र अमेरिकेत १९८५ मध्ये आले आणि सुपर एनईएस १९९१ मध्ये. दोघांच्या कंट्रोलरचे प्लग इतके वेगळे की एकाचा दुसऱ्यात शिरणेच अशक्य. तरीही पाच वायरी इकडच्या तिकडे जोडल्या की सुपर एनईएसचा कंट्रोलर जुन्या एनईएसवर चालू लागतो. मध्ये चिप नको, प्रोग्रॅम नको. आता सेगा मेगा ड्राइव्हचा कंट्रोलर आणि कमोडोर ६४ हा घरगुती संगणक घ्या. दोन्हीकडे नऊ पिनांची तीच जोडणी. प्लग अलगद बसतो, पण तसाच ठेवून खेळत राहिले तर संगणकाच्या ज्या चिपवर कीबोर्ड आणि जॉयस्टिक दोन्हींचे काम असते तीच खराब होण्याची भीती असते. प्लगचा आकार पाहून काहीच कळत नाही, हा यातला पहिला धडा. बाजारात मिळणाऱ्या 'कन्व्हर्टर'कडे मात्र आपण परदेशी चार्जरची पिन बदलणाऱ्या डबीसारखेच पाहतो: टोक बदलले की काम झाले.

या विषयावरच्या चर्चेत भर बहुतेक वेळा कंट्रोलरवर असतो. तो किती जुना आहे, त्यात वायरी किती, आत चिप कोणती, वगैरे. माझ्या मते ही सुरुवातच चुकीच्या टोकाला होते. ॲडाप्टर सोपा होणार की अवघड हे कंट्रोलर क्वचितच ठरवतो. तो ज्या यंत्राला लावायचा ते यजमान यंत्र ठरवते. कंट्रोलर फक्त उत्तर देतो. प्रश्न यंत्र विचारते, कधी विचारायचा ते यंत्र ठरवते आणि कोणाचे उत्तर ग्राह्य धरायचे तेही यंत्रच ठरवते. गेल्या पंचेचाळीस-पन्नास वर्षांत बटणे तुलनेने थोडी बदलली, प्रश्न फार बदलले. 'कोणते बटण दाबले आहे?' इथून निघालेली ही चौकशी 'तू कोण?' इथे आली आणि आता 'तुझ्याकडे परवाना आहे का?' इथे पोचली आहे.

१९७७च्या अटारी यंत्राची जॉयस्टिक खरे तर कसली चौकशी होऊच देत नाही. चार दिशांचे चार स्विच, गोळीबाराचा एक आणि सगळ्यांना मिळून एक ग्राउंड. दांडा डावीकडे कलला की डावीकडची वायर ग्राउंडला टेकते, बस. दारावरच्या घंटीच्या बटणात यापेक्षा कमी काही नसते. याच साधेपणामुळे ही नऊ पिनांची जोडणी कमोडोर ६४, अमिगा, अटारी एसटी अशा यंत्रांमध्ये पसरली आणि तिथे ॲडाप्टर हा प्रश्नच उरला नाही. पण या साधेपणात एक न लिहिलेली अट होती: जॉयस्टिक वायरीला खाली ओढेल, स्वतःहून तिच्यावर कधी व्होल्टेज ढकलणार नाही. कमोडोर ६४मध्ये जॉयस्टिकच्या वायरी कीबोर्डच्या वायरींशी वाटून घेतलेल्या आहेत. अट पाळली जाते तोवरच ती वाटणी सुरळीत चालते. मेगा ड्राइव्हच्या कंट्रोलरमध्ये साधे स्विच नसून ७४एचसी१५७ ही चिप आहे. बटण दाबलेले नसताना ती वायर वर ढकलून धरते. शिवाय अटारी पद्धतीत पाच व्होल्ट सातव्या पिनवर असतात. मेगा ड्राइव्हला ते पाचव्या पिनवर हवे असतात आणि सातवी पिन तिथे वेगळ्याच कामाची आहे. म्हणून इथला चांगला घरगुती ॲडाप्टर म्हणजे वीज योग्य पिनवर फिरवणे आणि प्रत्येक सिग्नलच्या वायरीत एकेक डायोड घालणे, जेणेकरून कंट्रोलरला खाली ओढता येईल, वर ढकलता येणार नाही. खर्च किरकोळ, पण तो कुठे करायचा हे कंट्रोलर उघडून कळत नाही, त्यासाठी संगणकाचा नकाशा वाचावा लागतो.

आपल्याकडच्या वाचकाला इथे थांबायला कारण आहे. भारतात नव्वदच्या दशकात 'टीव्ही गेम' आणि 'कॅसेट' या शब्दांनी जे ओळखले गेले, ती बहुतेक यंत्रे निन्टेन्डोच्या जपानी फॅमिकॉमच्या नकला होत्या; लिटल मास्टर हे त्यांतले एक गाजलेले नाव. अशा अनेक नकलांच्या 'रिमोट'ला प्लग असतो नऊ पिनांचा आणि आतली बोली असते निन्टेन्डोची. म्हणजे दिसायला एकच असलेल्या प्लगमागे तीन बोली निघाल्या: अटारीची, सेगाची आणि ही उसन्या कपड्यातली निन्टेन्डोची. माळ्यावरच्या खोक्यातून निघालेला असा रिमोट कुठल्याही नऊ पिनांच्या सॉकेटला लावण्याआधी मल्टिमीटरने प्रत्येक पिन कुठे जाते ते पाहावे. वायरींच्या रंगांवर विसंबू नये. नकला करणाऱ्यांनी हाताला लागेल त्या रंगाची वायर वापरली आहे.

निन्टेन्डोची बोली कळायला सोपी आणि रचनेला देखणी. एनईएसच्या मूळ कंट्रोलरमध्ये ४०२१ नावाची एकच चिप आहे, आजही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मागता येईल अशा सर्वसाधारण जातीची. यंत्र एका वायरीवर 'लॅच'चा इशारा देते, तेव्हा आठही बटणांची त्या क्षणीची स्थिती चिपमध्ये गोठते. मग दुसऱ्या वायरीवर 'क्लॉक'चे ठोके पडतात आणि प्रत्येक ठोक्याला एकेक बटण तिसऱ्या वायरीवरून बाहेर येते: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे. सुपर एनईएसने हीच पद्धत ठेवून आठाऐवजी सोळा जागा वाचायला घेतल्या. पहिल्या आठांत सिलेक्ट, स्टार्ट आणि दिशा जिथल्या तिथे आहेत. ए आणि बीच्या जागी अनुक्रमे बी आणि वाय आले. म्हणून सुपर एनईएसचा कंट्रोलर एनईएसला लावला की अंगठ्याखाली बटणे अगदी हवी तिथे येतात. जुने यंत्र आठ विचारून थांबते आणि उरलेली बटणे गप्प राहतात.

उलट दिशेने गेले की मात्र अडचण येते, आणि ती माझ्या मुद्द्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा आहे. कंट्रोलर तोच, वायरी त्याच पाच. फक्त विचारणारा बदलला. एनईएसच्या कंट्रोलरकडे आठ उत्तरे आहेत आणि सुपर एनईएस सोळा मागते. नवव्या ठोक्यापासून मूळ कंट्रोलरची चिप जे देते ते 'दाबलेले' असे वाचले जाते, कारण तिची मागची तार ग्राउंडला बांधलेली आहे. यंत्राच्या समजुतीप्रमाणे ए, एक्स, एल आणि आर ही चारही बटणे कोणीतरी कायम दाबून धरली आहेत. शेवटच्या चार जागा कंट्रोलरची ओळख पटवण्यासाठी आहेत. त्या तपासणारे गेम पाहुण्याला ओळखत नाहीत, न तपासणारे त्याची चार बटणे खरी मानतात. ती मागची तार ग्राउंडवरून सोडवून पाच व्होल्टला बांधली की प्रश्न सुटतो, पण त्यासाठी कंट्रोलर उघडून त्यात फेरफार करावा लागतो. मूळ वस्तू जशीच्या तशी ठेवायची असेल तर मध्ये मायक्रोकंट्रोलर बसवावा लागतो आणि पाच वायरींचे काम प्रोग्रॅमचे होते.

प्रोग्रॅम आला की नव्या चुकांना वाव मिळतो. एनईएसच्या आवाजाच्या भागात अशी एक खोट आहे की ध्वनीचे नमुने वाजत असताना कंट्रोलर वाचताना मधूनच एक ठोका जादा पडतो आणि पुढची सगळी उत्तरे एका घराने सरकतात. हे माहीत असलेल्या प्रोग्रॅमरांनी आपले गेम असे लिहिले की कंट्रोलर दोनदा वाचायचा आणि दोन्ही उत्तरे जुळली तरच मानायची. 'एका फ्रेममध्ये एकदाच प्रश्न येणार' असे गृहीत धरून बनवलेला ॲडाप्टर अशा गेमपुढे बावचळतो. ४०२१ला काही गृहीत धरताच येत नाही. ती विचारले तितक्या वेळा सांगते. चौकोनी फुलीच्या आकाराच्या दिशादर्शक बटणाबाबतही तेच. गुन्पेई योकोईंनी १९८२च्या 'डाँकी काँग' या हातातल्या गेमसाठी ती फुली योजली आणि तिच्या घडणीमुळे डावे आणि उजवे एकाच वेळी दाबणे जवळजवळ अशक्य झाले. यंत्रांनी हे अशक्य गृहीतच धरले. सेगाने तर मेगा ड्राइव्हमध्ये त्याचाच ओळखीसाठी उपयोग केला: सातव्या पिनवरची निवडीची वायर खाली असताना डावे-उजवे दोन्ही 'दाबलेले' दिसले तर समोर आपल्याच जातीचा कंट्रोलर आहे, कारण कुठलाही अंगठा तसे दाबणार नाही. मात्र चार दिशांना चार सुटी बटणे असलेला हाताने बनवलेला खोका हे सहज करू शकतो आणि काही जुने गेम त्याने विचित्र वागू लागतात. अंगठ्याला जे जमत नाही तेही यजमानाच्या अपेक्षेत मोडते. ते सांभाळणे ॲडाप्टरकडे येते.

१९९६च्या निन्टेन्डो ६४पासून प्रश्नाचे स्वरूपच पालटले. आता लॅच नाही, क्लॉक नाही. एकाच वायरीवरून यंत्र विचारते आणि त्याच वायरीवरून कंट्रोलर उत्तर देतो. प्रत्येक बिटला चार मायक्रोसेकंद. त्यातली तीन मायक्रोसेकंद वायर खाली आणि एक वर असेल तर शून्य, एक खाली आणि तीन वर असेल तर एक. यंत्र आधी 'तू कोण' हेही विचारू शकते आणि मग ३२ बिटांत बटणे आणि स्टिकची स्थिती मागते. हौशी लोकांच्या आवडत्या आर्डुइनो उनोवरची चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते, म्हणजे एका बिटसाठी तिच्याकडे जेमतेम ६४ ठोके. त्यात वायर पाहायची, ठरवायचे, साठवायचे आणि पुढच्या बिटसाठी तयार व्हायचे. मध्येच दुसरे कुठले काम तिला हाक मारून गेले तर बिट निसटतो. म्हणून उनोसाठीचे घरगुती प्रोग्रॅम असेंब्लीत, ठोके मोजत लिहिलेले दिसतात. त्यात वायर साधारण ३.३ व्होल्टची आणि उनो पाचची. तिने वायर नुसती खाली ओढून सोडायची, वर ढकलायची नाही. अटारीची जुनी अट पुन्हा आलीच. २०२१च्या जानेवारीत चार डॉलरला निघालेल्या रास्पबेरी पाय पिकोने ही कसरत बरीच हलकी केली. तिच्या चिपमध्ये पिना सांभाळण्यासाठी आठ छोट्या स्वतंत्र यंत्रणा आहेत. मायक्रोसेकंदांचा हिशेब त्यांनी ठेवायचा आणि मुख्य प्रोसेसरने निवांत भाषांतर करायचे. मात्र ही चिप पाच व्होल्ट सोसण्यासाठी बनवलेली नाही, त्यामुळे जुन्या यंत्राला जोडताना मध्ये व्होल्टेज उतरवणे आलेच.

वेळेचे गणित जमले तरी अर्थाचे उरतेच. निन्टेन्डो ६४च्या स्टिकचे उत्तर आठ बिटांचे आहे, म्हणजे कागदावर प्रत्येक बाजूला १२७ पर्यंत. खरी स्टिक साधारण ८०च्या पुढे फारशी जात नाही आणि गेम त्याच हिशेबाने लिहिलेले आहेत. दुसऱ्या यंत्राची स्टिक पूर्ण आवाक्यासह तशीच पाठवली तर चालण्याऐवजी पात्र पळते. ही चूक कुठल्याही मल्टिमीटरवर दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप नेहमी विलंबाचा येतो: मध्ये काहीही घातले की बटण उशिरा लागणार. हा आक्षेप निराधार नाही, पण त्याचे माप तपासले पाहिजे. नुसत्या वायरींच्या ॲडाप्टरला विलंब नसतो. टीव्हीची एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची आणि जुनी यंत्रे साधारणपणे फ्रेममध्ये एकदा विचारतात. मधली चिप दर मिलिसेकंदाला कंट्रोलर वाचून उत्तर तयार ठेवत असेल तर जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाची भर पडते. यूएसबीकडे जाताना मात्र ठरवणारा पुन्हा यजमानच. यूएसबीत साधन स्वतःहून बोलत नाही, संगणक विचारील तेव्हाच बोलते. कमी वेगाच्या साधनाला नियमाप्रमाणे दहा मिलिसेकंदांहून दाट विचारणा मागता येत नाही, पूर्ण वेगाच्या साधनाला एका मिलिसेकंदाची मागता येते. स्वस्त चिपवर प्रोग्रॅमनेच यूएसबीचे सोंग आणणारे जुने घरगुती ॲडाप्टर कमी वेगाच्या गटात होते. 'ॲडाप्टर म्हणजे उशीर' ही ख्याती बहुधा तिथून आली असावी. आजच्या चिपला ती लावणे अन्यायाचे आहे. ब्लूटूथची गोष्ट वेगळी, तिथे भर पडते ती हवेतल्या देवाणघेवाणीची.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: तयार ॲडाप्टर स्वस्त मिळत असताना हा खटाटोप कशाला? सुपर एनईएसचा कंट्रोलर एनईएसला जोडणारी नुसती वायर हवी असेल तर खुशाल विकत घ्यावी, त्यात हट्टाला अर्थ नाही. पण तयार डबीच्या आतला प्रोग्रॅम बंद असतो. वर सांगितलेली खोट, दोनदा वाचणारे गेम, स्टिकचा आवाका, डावे-उजवे यांतले तिने काय सांभाळले आहे हे विकत घेणाऱ्याला कळत नाही, आणि चुकले असेल तर दुरुस्त करता येत नाही. घरगुती ॲडाप्टरमध्ये ती ओळ बदलून पुन्हा चिपमध्ये भरता येते. पैशाची बचत हे कारण मी पुढे करणार नाही. सोल्डरिंग आयर्न नव्याने घ्यावे लागले तर ते कारण टिकतही नाही.

तिसरा प्रश्न परवान्याचा, आणि इथे सूर बदलतो. एनईएसमध्ये कुलूप होते, पण ते कॅसेटसाठी. कंट्रोलरला कोणी ओळखपत्र मागितले नाही. अमेरिकी न्यायालयांनी १९९२ मध्ये अशा कुलपांबद्दल दोन निकाल दिले. सेगाविरुद्ध ॲकोलेड खटल्यात, सुसंगत वस्तू बनवण्यासाठी दुसऱ्याचा प्रोग्रॅम उलगडून पाहणे न्याय्य वापरात बसते असे ठरले. अटारी गेम्सविरुद्ध निन्टेन्डो खटल्यात अटारीला फटका बसला, कारण कुलपाचा प्रोग्रॅम त्यांनी कॉपीराइट कार्यालयातून खोटे कारण सांगून मिळवला होता. शोधून काढणे चालते, लबाडीने मिळवणे चालत नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट अधिनियमातही कलम ५२मध्ये १९९९च्या दुरुस्तीने प्रोग्रॅम एकमेकांशी जुळवण्यासाठी लागणारी माहिती काढण्याची मुभा दिली आहे. वायरीवरचे ठोके मोजून ॲडाप्टर बनवणारा तर बहुतेक वेळा कोणाचा प्रोग्रॅम उघडतही नाही.

२०१३च्या प्लेस्टेशन ४ने मात्र कंट्रोलरलाच सही मागितली. यंत्र एक आव्हान पाठवते, अधिकृत कंट्रोलरमधली गुप्त किल्ली त्यावर सही करते. सही न करणारा ॲडाप्टर आठ मिनिटे चालतो आणि मग तुटतो. मायक्रोसॉफ्टने २०२३च्या नोव्हेंबरपासून अनधिकृत साधने एक्सबॉक्सवर अडवायला सुरुवात केली. निन्टेन्डोने दुसरी वाट धरली: २०१४ मध्ये वी यूसाठी गेमक्यूबच्या कंट्रोलरचा अधिकृत ॲडाप्टर काढला, २०१७ मध्ये तो स्विचवरही चालू झाला, आणि स्विच एका परवानाधारक पॅडचे नाव सांगणाऱ्या घरगुती चिपलाही फारशी चौकशी न करता आत घेते. तिन्ही कंपन्यांची यंत्रे एकाच सुमाराची, कंट्रोलर तोच जुना. फरक पूर्णपणे यजमानाच्या मर्जीचा.

कुलपाच्या बाजूने सर्वांत जड युक्तिवाद फसवेगिरीचा आहे. मध्ये बसवलेली डबी नेम आपोआप सुधारू शकते, माउसला स्टिक म्हणून खपवू शकते आणि ऑनलाइन खेळणाऱ्या बाकीच्यांवर अन्याय होतो. हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. पण त्यासाठी निवडलेला उपाय पाहा. सही ही कंट्रोलर कोणी बनवला ते सांगते, बोटे काय करत आहेत ते नाही. फसवणाऱ्या डब्यांना एक खरा कंट्रोलर मागच्या बाजूला जोडता येतो. आव्हान आले की ते त्याच्याकडे सरकवायचे, त्याची सही घेऊन यंत्राला द्यायची. घरी एकटा खेळणारा, हाताच्या दुखण्यामुळे जुन्याच पॅडवर अवलंबून असलेला माणूसही त्याच कुलपापाशी अडतो. ऑनलाइन स्पर्धेपुरती सही मागितली असती आणि घरच्या खेळाला मोकळीक ठेवली असती, तर हा युक्तिवाद मला पटला असता.

माझ्या मांडणीला एक खरा अपवाद आहे, तो बंदुकीचा. एनईएसच्या झॅपरचे उत्तर कंट्रोलर आणि यंत्र या दोघांतच ठरत नाही. ते जुन्या टीव्हीच्या काचेच्या जाड नळीवर उजेड कधी पडतो यावर ठरते. घोडा दाबला की पडदा काळा होतो, सावज पांढऱ्या चौकोनात उजळते आणि बंदूक तो उजेड पाहते. आजचा सपाट टीव्ही तो उजेड उशिरा आणि वेगळ्या तऱ्हेने दाखवतो, त्यामुळे वायरी कितीही नीट जोडल्या तरी बंदूक आंधळीच. जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, म्हणजे एम्युलेटर, असताना ॲडाप्टर कशाला, असे विचारणाऱ्यांनाही इथे थांबावे लागते. आणि बाकीच्या गेमसाठी एम्युलेटर वापरला तरी हातातला जुना पॅड यूएसबीला जोडायला ॲडाप्टर लागतोच.

परवाना मागणाऱ्या त्याच मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये अपंग खेळाडूंसाठी एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर काढला. त्याच्या पाठीला ३.५ मिलिमीटरचे १९ जॅक आणि दोन्ही बाजूंना यूएसबीचे एकेक सॉकेट आहे. सही तो स्वतः करतो. जॅकला काय लावले आहे ते विचारत नाही, दोन तारा टेकल्या की बटण दाबले गेले असे मानतो. म्हणजे १९७७च्या जॉयस्टिकचे पाच स्विच आधुनिक एक्सबॉक्सपर्यंत न्यायचे असतील तर चिप लागू नये: पाच मोनो पिना, कापायला एक नऊ पिनांची एक्स्टेंशन वायर, म्हणजे जॉयस्टिकची मूळ वायर शाबूत राहते, आणि कुठली तार कुठे जाते हे पाहायला मल्टिमीटर.